डायरीतला 'इन्सोलंट' आणि घरातला 'उद्धट'



आजचा विषय तुमच्या पत्रांतून आला आहे. लॅम रोडच्या बाजूला राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलंय, की त्यांच्या सहावीतल्या मुलाच्या डायरीत जूनमध्ये शिक्षिकेने 'रूड' असा शेरा दिला आणि ऑगस्टमध्ये 'इन्सोलंट' असा. बाईंचं शिक्षण मराठीतून झालेलं. त्यांनी दोन्ही वेळा मोबाइलवर अर्थ काढला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, उद्धट. मुलाला दोन्ही वेळा वडिलांचा सारखाच मार बसला. आता त्या विचारतात, "शब्द दोन आहेत तर अर्थ एकच कसा? दुसऱ्या वेळी त्याने काही जास्त केलं होतं का?"

प्रश्न छोटा दिसतो, पण आपल्या देवळाली कॅम्पात तो घरोघरी आहे. इथे इंग्रजी ही नुसती पुस्तकातली भाषा नाही. ती मुलांच्या डायरीतून घरात येते, बंगल्यावरच्या मेमसाबच्या तोंडून येते, दवाखान्याच्या कागदावरून येते, ठेकेदाराच्या नोटिशीतून येते. आणि पुष्कळदा ती आपल्याबद्दलच काहीतरी म्हणत असते. म्हणून आज वाईट वागण्याला इंग्रजीत जे शब्द आहेत ते आपण जरा उलगडून बघणार आहोत. पाठ करायला नाही, कुणी आपल्याला काय म्हटलं ते नीट कळावं म्हणून.

आधी 'रूड' घेऊ. हा शब्द लॅटिन भाषेतल्या 'रुडिस' या शब्दापासून आला. त्याचा अर्थ कच्चा, न घडवलेला. न तासलेलं लाकूड, ओबडधोबड दगड. म्हणजे मुळात त्यात फारसा राग नाही, घडण झालेली नाही एवढंच म्हणणं आहे. आजही हा शब्द कशालाही चालतो. रांगेत मध्येच घुसला, रूड. बोलणाऱ्याचं वाक्य तोडलं, रूड. समोरचा बोलत असताना मोबाइल बघत बसला, रूड. मोठा लहानाशी तसं वागला तरी रूड आणि लहान मोठ्याशी वागला तरी रूड. दुकानदार गिऱ्हाइकाशी, गिऱ्हाईक दुकानदाराशी, कुणीही कुणाशीही. शिवाय ते मुद्दामच केलेलं असतं असंही नाही. कळत नाही म्हणूनही माणूस रूड वागतो. (एक गंमत सांगून ठेवतो. इंग्रज माणूस 'रूड जोक' म्हणाला तर तो उद्धट विनोद नसतो, चावट विनोद असतो. तिथे भाषांतर करायला जाऊ नका.)

'इम्पोलाइट' त्याच्यापेक्षा सौम्य. 'पोलाइट' म्हणजे मुळात घासूनपुसून गुळगुळीत केलेला; आपण बुटाला लावतो ते 'पॉलिश' त्याच घरातलं. तेव्हा इम्पोलाइट म्हणजे पॉलिश कमी पडलं, इतकंच. 'डिस्कर्टिअस' हा कागदावरचा शब्द आहे. तक्रारवहीत, बँकेच्या पत्रात तो शोभतो. घरात भांडताना तो कुणी वापरत नाही.

'इल-मॅनर्ड' असा शेरा आला तर मात्र आईने जरा थांबून वाचावा. त्याचं मराठी 'वळण नसलेला'. 'रूड' म्हणताना शिक्षिका आजच्या एका वागण्याबद्दल बोलत असते. 'इल-मॅनर्ड' म्हणताना ती मुलाच्या सवयीबद्दल, म्हणजे ओघानेच तुमच्या घराबद्दल बोलत असते. शेरा मुलाच्या डायरीत पडतो आणि तक्रार आईच्या नावावर लागते, कारण वळण लावायचं खातं आपल्याकडे आईकडे दिलेलं आहे. "बापाने वळण लावलं नाही का?" हे वाक्य आम्ही कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही.

आता 'इन्सोलंट'. याचंही मूळ लॅटिन, आणि मूळ अर्थ मोठा साधा आहे: सवयीचा नसलेला, रीतीबाहेरचा. पण आज तो वापरतात तेव्हा दोन गोष्टी धरलेल्या असतात. एक म्हणजे अपमान जाणूनबुजून केला आहे. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे करणारा खालच्या पायरीवर उभा आहे आणि ज्याचा झाला तो वरच्या. ताडून बघा. मेमसाब घरकाम करणाऱ्या बाईवर ओरडली तर तिला इंग्रजीत 'रूड' म्हणतील, 'अ‍ॅरोगंट' म्हणतील, 'ओव्हरबेअरिंग' म्हणतील. 'इन्सोलंट' सहसा म्हणणार नाहीत. बाईने उलट उत्तर दिलं की ती मात्र 'इन्सोलंट' झाली. ओरडणं दोघींचं एकाच पट्टीतलं असेल, एकच वाक्य दोघींच्या तोंडी असेल, तरी शब्द बदलतो. तो आवाजावर ठरत नाही, पायरीवर ठरतो.

म्हणजे त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दुसऱ्या वेळी जास्त लिहिलं गेलं हे नक्की. पहिला शेरा म्हणतो, याला रीत कळली नाही. दुसरा म्हणतो, याला रीत कळत होती आणि त्याने ती माझ्या तोंडावर मोडली. मुलाने जास्त केलं का, हे शेऱ्यावरून कळत नाही. ते त्याने काय वाक्य उच्चारलं यावर आहे, आणि डायरीत नेमकं ते वाक्यच नाही.

म्हणून डायरीत उत्तर द्यायचं असेल तर आधी माफी लिहू नका आणि आधी मारूही नका. एवढंच लिहा: 'प्लीज टेल मी द एक्झॅक्ट वर्ड्स ही यूज्ड.' त्याने नेमके कोणते शब्द वापरले ते कृपया कळवा. मराठीत लिहिलंत तरी काही बिघडत नाही. हे विचारणं रूड नाही, आणि इन्सोलंट तर नाहीच. आपण शिक्षिकेच्या खालच्या पायरीवर नाही, मुलाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन मोठ्या बायका आहोत. पुष्कळदा उत्तर येतं ते असं असतं, की मुलाने "पण का?" असं दोनदा विचारलं. पुष्कळदा असंही येतं, की वाचून आपल्यालाच धस्स होतं. दोन्ही वेळा पुढे काय करायचं ते आपल्याला नीट ठरवता येतं.

याच कुळातले आणखी तीन शब्द डायरीत भेटतात. 'इम्पर्टिनंट' म्हणजे मुळात अप्रस्तुत, विषयाशी संबंध नसलेलं. त्यावरून पुढे अर्थ झाला, ज्यात आपला संबंध नाही त्यात बोलणारा. आपण म्हणतो लहान तोंडी मोठा घास, तेच ते. 'इम्प्युडंट' यात लाज नसण्यावर भर आहे. आपला निर्लज्ज किंवा कोडगा. आणि 'चीकी'. 'चीक' म्हणजे गाल. हा शब्द ऐकून घाबरू नका, इंग्रजीत तो अर्धा हसत म्हणतात. आजी नातवाला "द्वाड आहे मेला" म्हणते तेव्हा तिला राग आलेला नसतो, तसंच काहीसं. पण तोही शब्द लहानालाच किंवा बरोबरीच्यालाच म्हणायचा असतो. साहेबाला चीकी म्हणून बघा.

आणखी एक शब्द आम्हाला फार आवडतो, 'फॉरवर्ड'. मोबाइलवरचा नाही. जुन्या इंग्रजीत आपणहून पुढे पुढे करणाऱ्या मुलीला फॉरवर्ड म्हणत. मराठीत बघा, आगाऊ. आगाऊ पैसे म्हणजे वेळेआधी दिलेले पैसे, आणि आगाऊ मुलगी म्हणजे तिची वेळ यायच्या आधी बोललेली मुलगी. दोन देशांत, एकमेकांना न विचारता, लोकांनी एकच तक्रार एकाच चित्रात मांडली. पुढे आली, हाच तिचा गुन्हा.

मराठीतले शब्द तर याहून बोलके आहेत. 'उद्धट' हा 'उद्धत' या संस्कृत शब्दापासून आला. त्याचा अर्थ वर उचललेला. मान वर करून बोलते, तोंड वर करून बोलते, असं आपण म्हणतो ते उगीच नाही. 'उद्दाम' यातला 'दाम' म्हणजे दोर. कृष्णाच्या पोटाला यशोदेने दोर बांधला म्हणून तो दामोदर, तोच हा दाम. उद्दाम म्हणजे दोर तोडून सुटलेलं जनावर. 'उच्छृंखल' म्हणजे साखळी तोडलेला. आणि 'मुजोर' म्हणजे तोंडात जोर असलेला. लगाम ओढला तरी न जुमानणाऱ्या घोड्याला तो शब्द लावत. आपला कॅम्प तोफखान्याचा. एके काळी तोफा घोडेच ओढत, तेव्हा मुजोर घोडा म्हणजे काय ते इथल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला लागलं नसतं.

हे चारही शब्द एका रांगेत ठेवा. दोर, साखळी, लगाम आणि वर उचललेलं डोकं. जनावर दोर तोडतं तेव्हा त्याला काय वाटतं, ते या शब्दांत कुठेच नाही. ज्याच्या हातात दोर होता त्याला काय वाटलं, ते आहे. घरातल्या सुनेला उद्धट म्हटलेलं आपण रोज ऐकतो. सासूला कुणी उद्धट म्हणतं का? ती 'कडक' असते, 'शिस्तीची' असते, फार तर 'खाष्ट'. मुलगी उलट बोलते; बाप उलट बोलूच शकत नाही, कारण त्याचं बोलणं सुलट धरलेलं आहे.

लष्करात ही पायरी कायद्यातच लिहिलेली आहे. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचं ४० वं कलम वरिष्ठाविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल आहे. वरिष्ठावर हात उगारणं, त्याला धमकी देणं, आणि तिसरं म्हणजे त्याच्याशी 'इन्सबॉर्डिनेट लँग्वेज' वापरणं, म्हणजे कनिष्ठाला न शोभणारी भाषा. नुसत्या या भाषेसाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट्या दिशेचं कलम आहे ४७ वं. हाताखालच्या माणसावर बळ वापरणाऱ्या किंवा त्याला वाईट वागवणाऱ्या वरिष्ठाला सात वर्षांपर्यंत. बघा, खालच्याचा गुन्हा 'भाषा' म्हणून सांगितला आहे आणि वरच्याचा 'वागवणं' म्हणून. पण एक गोष्ट लष्कराच्या बाजूने सांगायलाच हवी. तिथे कोण वरचा आणि कोण खालचा हे खांद्यावर लिहिलेलं असतं, आणि वरच्यासाठीही कलम आहे. घराच्या आणि बंगल्याच्या कामात पायरी असते, पण ती कुठे लिहिलेली नसते आणि ४७ वं कलमही नसतं.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. 'कर्ट', 'ब्रस्क', 'अबरप्ट', 'ब्लंट'. यांचं भांडण मानाशी नाही, मापाशी आहे. 'कर्ट' म्हणजे मुळात कापून आखूड केलेलं. आपलं 'तुटक' तंतोतंत तेच. 'अबरप्ट' म्हणजे मध्येच तोडून टाकलेलं. 'ब्रस्क' म्हणजे घाईघाईचं, कोरडं. डॉक्टरबाई दिवसातला साठावा पेशंट बघत असतात तेव्हा त्या जशा बोलतात ते. 'ब्लंट' म्हणजे खरं तर बोथट. इंग्रजांना वाटतं की धार नसलेलं बोलणं जास्त लागतं, कारण ते अलगद जात नाही, ठेचत जातं. आपल्याला उलट वाटतं. आपली जीभ तिखट असते, बोलणं कुऱ्हाडीसारखं असतं. ब्लंट माणसाला मराठीत परखड म्हणतात, सडेतोड म्हणतात, रोखठोक म्हणतात. ब्लंट बाईला मात्र बहुतेक वेळा फटकळ म्हणतात. परखड आणि फटकळ यांतलं अंतर कोशात शोधायला जाऊ नका, ते कोशात सापडायचं नाही.

याच गटात आपल्यापैकी पुष्कळजणी विनाकारण अडकतात. त्याचं कारण स्वभावात नाही, व्याकरणात आहे. मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'दे' आणि 'द्या'. 'बस' आणि 'बसा'. 'ये' आणि 'या'. "फॉर्म द्या" म्हटलं की मान देऊन झाला, आणखी काही लागत नाही. घरात "कृपया मीठ दे" असं कुणी म्हणत नाही. 'कृपया' हा पाटीवरचा शब्द आहे, 'आभारी आहे' हा व्यासपीठावरचा. आता हेच वाक्य इंग्रजीत न्या. 'गिव्ह मी फॉर्म.' इंग्रजीतलं 'गिव्ह' साहेबाला तेच आणि कुत्र्याला तेच. त्याला शेपूट नाही, म्हणून इंग्रज माणूस मान बाहेरून चिकटवतो: प्लीज, कुड यू, थँक्यू. आपली बाई मनात 'द्या' म्हणत असते आणि खिडकीपलीकडच्याला 'दे' ऐकू येतं. तो म्हणतो बाई कर्ट आहे. तिने पूर्ण मान दिलेला असतो, तो वाटेत सांडतो. तेव्हा 'प्लीज' जोडायची सवय लावून घ्या, लाचारी म्हणून नाही, 'द्या'मधला 'या' म्हणून.

हिंदीत तर याहून मोठा खड्डा आहे, आणि कॅम्पात रोजची हिंदी सगळ्यांनाच लागते. आपलं 'तुम्ही' मानाचं. हिंदीतलं 'तुम' त्याच्यासारखं दिसतं, म्हणून आपण ते मेमसाबला लावतो, हवालदारसाहेबांच्या आईला लावतो. उत्तरेकडच्या माणसाच्या कानाला मान असतो 'आप'मध्ये. 'तुम' बरोबरीच्याला किंवा लहानाला. "तुम बैठो" म्हणणारी आपली मावशी मनात "तुम्ही बसा" म्हणत असते. ऐकणारी मनात म्हणते, किती आगाऊ बाई. दोघीही आपापल्या भाषेत बरोबर असतात आणि काम सुटतं एकीचं.

उलट बाजूही बघा. मराठीत अपमानाचा सगळ्यांत धारदार प्रकार कोणता? एकेरीवर येणं. शिवी नाही, वाईट शब्द नाही, नुसतं "तुम्ही"चं "तू" केलं की भांडण पेटतं. साठीच्या बाईला पंचविशीचा पोरगा "ए, इकडे ये" म्हणाला, तर तिला जे लागतं ते इंग्रजीत सांगताच येत नाही, कारण तिथे सगळ्यांना 'यू'. इंग्रजी तक्रारीत नुसतं 'ही कॉल्ड मी यू' लिहिलं तर वाचणारा म्हणेल, मग काय झालं? अशा वेळी आमचा सल्ला असा, की भाषांतर करू नका. घडलेलं वाक्य मराठीतच ठेवा आणि पुढे एक ओळ लिहा, की मराठीत लहान मूल, नोकर किंवा जनावर यांच्याशीच असं बोलतात. (आईला आणि विठोबालाही आपण 'तू' म्हणतो ही आपल्या भाषेची श्रीमंती, पण तक्रारअर्जात ती काढली तर गोंधळ होईल.)

शब्दांच्या मुळांकडे बघता बघता आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. वाईट वागणुकीचे कितीतरी शब्द कष्ट करणाऱ्या माणसांच्या नावांवरून आले आहेत. 'बूर', 'बूरिश' म्हणजे अडदांड, असंस्कृत; मूळ डच शब्दाचा अर्थ शेतकरी. 'चर्लिश' म्हणजे खडूस. 'चर्ल' म्हणजे साधा रयतेतला माणूस. 'व्हल्गर' म्हणजे मुळात सामान्य लोकांचं. आणि सिनेमातला 'व्हिलन' हा मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळातला माणूस. चांगले शब्द कुठून आले? 'कर्टिअस' राजाच्या दरबारातून, 'अर्बेन' शहरातून, 'सिव्हिल' नगरातल्या नागरिकांकडून. आपलंही तेच आहे. सभेत बसायच्या लायकीचा तो सभ्य, नगरात राहणारा तो नागर. आणि गावात राहणारा गावंढळ, ग्राम्य. शब्द ठरवायला कोण बसलं होतं ते यावरून कळतं. 'पराया' असं कानावर पडणारा इंग्रजीतला 'परिया' हा शब्द तर तमिळ प्रदेशातल्या ढोल वाजवणाऱ्या एका जातीचं नाव आहे. इंग्रजीने ते उचललं आणि जगभर त्याचा अर्थ झाला, वाळीत टाकलेला. मराठीतही जातींच्या नावांच्या शिव्या आहेत. त्या आम्ही इथे उच्चारणार नाही. तुम्हाला त्या माहीत आहेत, आणि ज्यांना ऐकाव्या लागतात त्यांना तर फारच चांगल्या माहीत आहेत. त्या उद्धटपणात मोडत नाहीत. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

गावावरून पडलेल्या शब्दांत एक आपल्या गावाचाही आहे. इंग्रजीत 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला. हे 'देवळाली'चंच रूप. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातली मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना इथल्या तळावर आणून ठेवत आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायला लावत. जहाजं थंडीच्या मोसमात सुटत. मोसम चुकला की महिनोन्‌महिने इथेच. ना काम, ना लढाई, उन्हाळा आणि दारू. त्यात काहीजण भ्रमिष्टासारखे वागू लागत. शिपायांनी त्याला नाव दिलं 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात या देवळालीच्या तापाबद्दल लिहिलंय. पुढे ताप गळाला, डूलॅली उरलं. १९७४ साली बीबीसीने दूरदर्शनवर एक विनोदी मालिका सुरू केली तीही देवळालीतल्या लष्करी तळावर बेतलेली. आज इंग्लंडात चहा पिता पिता एखादी बाई हसत म्हणते, "माझा नवरा डूलॅली झालाय." त्यात वाईट हेतू नसतो. पण ज्याला खरोखर मनाचा आजार आहे त्याच्याबद्दल तेच म्हटलं तर ते नुसतं रूड नाही, क्रूर आहे. ज्या शिपायांवरून शब्द पडला तेही बहुधा आजारीच होते.

आता शेवटचा शब्द. हा आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्यासाठी सावकाश वेळ हवा. 'मिसबिहेव्ह'.

इंग्लंडमध्ये मूल मिसबिहेव्ह करतं, म्हणजे मस्ती करतं, पानावर नीट बसत नाही. आपल्या देशातल्या इंग्रजीत 'ही मिसबिहेव्ड विथ मी' याचा अर्थ बाईमाणसाला वेगळा लागतो आणि तो आपल्याला सांगावा लागत नाही. मराठीत आपण 'गैरवर्तन' म्हणतो, 'असभ्य वागला' म्हणतो, 'लगट करतो' म्हणतो. लाज राखायला हे पडदे बरे वाटतात. पण कागदावर आले की हेच पडदे आपल्या विरुद्ध जातात. सुपरवायझर मोठ्याने ओरडला तेही मिसबिहेव्ह आणि त्याने अंगाला हात लावला तेही मिसबिहेव्ह. चौकशीला बसलेला माणूस त्यातला हलका अर्थ उचलतो, दोघांना समोरासमोर बसवतो, सॉरी म्हणायला लावतो आणि फाइल बंद करतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा असा मोघम बोलत नाही. तो वेगवेगळं सांगतो: अंगाला हात लावणं किंवा जवळीक करायला जाणं, शरीरसंबंधाची मागणी करणं, अश्लील शेरे मारणं, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि आपल्याला नको असलेलं याच प्रकारचं दुसरं कुठलंही वागणं, मग ते बोलून असो, हातवारे करून असो की नजरेने. जिथे १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे आत समिती हवी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तुम्ही कुणाच्या घरी काम करत असाल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईला कायद्याने त्यात धरलेलं आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. घटना पुन्हा पुन्हा झाली असेल तर शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाही. याशिवाय बाईच्या अब्रूला धक्का लावण्याच्या हेतूने बोललेला शब्द किंवा केलेला हावभाव हा भारतीय न्याय संहितेच्या ७९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात देता येते.

त्या कागदावर 'मिसबिहेव्ह' लिहू नका, 'गैरवर्तन' एवढंच लिहून थांबू नका. तारीख लिहा, वेळ लिहा, जागा लिहा: भांडारात, जिन्यात, गाडीत. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, ते शब्द लिहिताना कितीही ओशाळं वाटलं तरी. हात कुठे लावला ते लिहा. तुम्ही काय म्हणालात, कोण जवळ होतं, नंतर कुणाला सांगितलं, तेही लिहा. मराठीत लिहा. लिहून झालं की एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.